कॅमेऱ्याची लीक टेस्ट

हसणार नसाल तर सांगते. कुणी हसलं, तर चहा अर्धा टाकून उठून जाईन, आधीच सांगून ठेवते!

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथे गाड्यांचे पंप बनतात आणि माझ्याकडे लीक टेस्ट. पंपात हवा भरायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बघत राहायचं. गळतीचा बुडबुडा दिसला की पीस रिजेक्ट. बारा वर्षं हेच करते आहे. माझ्या हातून गळका पीस पुढे गेला, असं कुणी एकदा म्हणून दाखवावं!

तर झालं काय, माझी आई लातूरकडच्या गावाहून थेरगावला आमच्याकडे आली होती. वय चौऱ्याहत्तर, पण समुद्र कधी पाहिलेला नाही. शनिवारी तिला कोकणात न्यायचं ठरलं. आईची अट एकच.

"मला समुद्रात हुबं करून फोटू काढा. दाखवल्याबिगर गावात कुणी खरं मानायचं न्हाई."

म्हणून माझ्या लेकीने, वर्षाने, एक कॅमेरा आणून दिला. जाडजूड, पिवळाधमक, अंगाच्या साबणाएवढा. "आई, हा वॉटरप्रूफ आहे. पाण्यात बुडव, वाळूत टाक, हातातून पाड, काही होत नाही," एवढं बोलून ती ऑफिसला गेली.

आता मला सांगा, बारा वर्षं पंप बुडवणाऱ्या बाईला 'काही होत नाही' म्हटलं, तर ती तशीच ऐकून घेईल का?

मी बाथरूममध्ये बादली भरली, कॅमेरा चालू केला, दोन-चार बटणं दाबून बघितली आणि दिला बुडवून.

बुडबुडे! एक नाही, चांगले पाच-सहा!

"आई, हे बघ! गळका माल!" मी ओरडले.

आई दारातून डोकावली. "अगं, काय करायलीस? नवी वस्तू हाय ती!"

"नवीच तर तपासतात!"

कॅमेरा बाहेर काढला, बंद केला, पुसला. खालचं बॅटरीचं दार उघडून पाहिलं, तर आत ठणठणीत कोरडं. दुसरी कुणी असती तर इथे थांबली असती. पण आमच्याकडे नियम आहे, संशय आला की पीस दोनदा तपासायचा. दार दाबून लावलं आणि पुन्हा बुडवला. या वेळी बुडबुडे थांबेचनात! वर काढेपर्यंत कॅमेऱ्याने मान टाकलेली.

माझं डोकं असं फिरलं म्हणता! तशीच आईला रिक्षात घातलं आणि वर्षाने कॅमेरा घेतला होता ते डांगे चौकातलं दुकान गाठलं.

"वॉटरप्रूफ म्हणून विकता आणि बादलीभर पाण्यात मरतो? समुद्रात काय, माझं डोकं नेऊ? आमच्या कंपनीत असा पीस सापडला तर सगळा लॉट थांबवतात!"

"ताई, आधी बसा तरी."

"बसायला आलेली नाही मी! शनिवारी माझी आई समुद्र बघणार आहे. पहिल्यांदा! तिचा फोटो आता तुम्ही काढणार का?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. एक जण हातातला खोका परत ठेवून निघून गेला. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुकानदाराने शांतपणे तसाच दुसरा कॅमेरा काढला आणि पाण्याच्या जगमध्ये सोडला. पाच-सहा बुडबुडे आले आणि थांबले.

"स्पीकरच्या जाळीत अडकलेली हवा असते ताई. तेवढी निघून जाते."

खरं तर कंपनीत नवीन मुलींना हे मीच शिकवते. 'पहिले बुडबुडे सोडायचे, दहा आकडे मोजायचे, मग बघायचं!'

पण मी काय माघार घेते? "दुसऱ्यांदा थांबलेच नाहीत, त्याचं काय?"

"दार लावल्यावर ही खिट्टी सरकवली होती का?"

"ती खिट्टी? ती तर दार उघडायला असते ना?"

"ताई, हा पाणी सोसतो, धूळ सोसतो, आपटलेलं सोसतो. अंधारात फोटो जरा खराब येतात, लांबचं फार जवळ दिसत नाही, तेही लोक चालवून घेतात. पण दाराची खिट्टी राहिली की संपलं."

"मग ते कॅमेऱ्यावर लिहायला नको? माणसाला कळणार कसं?"

त्याने माझा कॅमेरा उलटा करून दाखवला. "खिट्टी उघडी असली की इथे लाल पट्टी दिसते."

लाल! अहो, आमच्या कंपनीत लाल म्हणजे रिजेक्ट. लाल खूण दिसली की हातातलं काम खाली ठेवायचं. आणि मी ती पट्टी डोळ्यांनी पाहून, छान डिझाइन आहे म्हणून, खुशाल कॅमेरा पाण्यात घातला होता!

एवढ्यावर सुटले असते. पण तो भला माणूस म्हणाला, "आतलं फोटोचं कार्ड शाबूत आहे बहुतेक," आणि त्याने ते कॉम्प्युटरला लावलं.

पहिल्या तपासणीच्या वेळी माझ्या हातून शूटिंगचं बटण दाबलं गेलं होतं. पाण्याखालून वर बघणारं शूटिंग, काचेसारखं स्वच्छ. पडदाभर माझं तोंड, सुपाएवढ्या नाकपुड्या, नाकावर घसरलेला चष्मा आणि पाण्यातून घुमत आलेली आरोळी, "गळका माल!"

उरलेली तिन्ही गिऱ्हाइकं टेबलाला टेकून हसत होती. आणि सगळ्यात जोरात कोण? माझी आई!

कॅमेरा काही दुरुस्त झाला नाही. कोकणात आई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. फोन पाण्यात न्यायची कुणाची छाती होईना, म्हणून किनाऱ्यावरूनच फोटो काढला. त्यात आई हरभऱ्याच्या दाण्याएवढी आली आहे.

तिला त्याचं काही नाही. तिने वर्षाकडून ते शूटिंग आपल्या फोनमध्ये घालून घेतलं. आता गावात कुणी विचारलं, "म्हातारे, समुद्र कसा व्हता गं?" की आई फोन काढते.

"समुद्राचं ऱ्हाऊ द्या, हे बघा. ही माझी लेक. मोठ्या कंपनीत माल तपासती!"