अर्ध्यावरचं निशाण

बोस्टनजवळच्या ग्लॉस्टरच्या बंदरात एझ्रा हॅस्केलला सगळे ‘आमचा रंगारी’ म्हणत. त्यात टिंगल थोडी, माया फार. बाप मच्छीमार, आजा मच्छीमार. हा मात्र उजाडताच टेकडीवर कॅनव्हास मांडून बसायचा. धुकं विरताना पाणी जांभळं कसं होतं आणि शिडाच्या सावलीत किती निळं असतं, हे बघण्यातच त्याचे केस पांढरे झाले. कुणी विचारलंच तर रंगमंचावरच्या राजासारखी मान ताठ करून म्हणायचा, “मी मनचं काही घालत नाही. डोळ्यांना दिसतं तेवढंच रंगवतो!”

त्या वर्षी सप्टेंबरात ‘सांता रीटा’ परतायला उशीर झाला होता. जहाज जोआकिमचं, त्याची बायको फिलोमेना एझ्राची शेजारीण. एझ्रानं त्याच जहाजाचं चित्र काढलं, गेल्या वर्षी बंदरात शिरताना पाहिलं होतं तसं. सगळं निळं-राखाडी, वर एक फिकट गुलाबी ढग, चित्र कसं झोपलेलं. मग त्यानं डोलकाठीच्या मध्यावर निशाणाचा एक लाल फटकारा ओढला, आणि चित्र खाडकन जागं झालं! आनंदाच्या भरात त्यानं ते ओलंच उचललं आणि नेहमीसारखं सिल्व्हेनसच्या दोरखंडांच्या दुकानात, काचेमागे ठेवलं.

समुद्रात माणूस गेला, की परतणारं जहाज निशाण अर्ध्यावर उतरवून येतं. हे एझ्राला कुणी शिकवायला नको होतं. आईच्या कडेवर बसून त्यानं स्वतःच्या बापासाठी उतरलेलं निशाण पाहिलं होतं.

दुपारी फिलोमेना सुतळी घ्यायला दुकानात आली. चित्रातल्या शिडावरचं ठिगळ तिनं स्वतः घातलेलं. तिनं जहाज लगेच ओळखलं. मग तिला निशाण दिसलं. रंग बोटाला लागला, ओला होता.

“टेकडीवरून दिसलं त्याला,” एवढंच ती म्हणाली आणि धक्क्याकडे धावत सुटली.

एझ्राला बोलावणं गेलं तेव्हा धक्क्यावर बायका गोळा झालेल्या. फिलोमेना मधोमध, मासळीच्या पिंपावर बसलेली.

“एझ्रा, खरं सांग. कुठवर आलंय जहाज?”

“फिलोमेना, मी... मी जहाज पाहिलंच नाही.”

“मग निशाण?”

“तिथं... तिथं लाल रंग हवा होता.”

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शेवटी म्हातारी दोलोरेस म्हणाली, “लाल हवा होता म्हणे! अरे, तुझ्या आईला विचारायचं होतंस, तिला कुठला रंग हवा होता ते.”

एझ्रा घरी गेला आणि टेकडीकडे फिरकलाच नाही.

पुढच्या आठवड्यात ‘सांता रीटा’ आली, निशाण डोलकाठीच्या टोकावर. सगळं बंदर नाचलं. एझ्रा मिठाच्या गोण्यांमागे उभा होता. जोआकिमनं तिथूनही त्याला हुडकलं आणि भलामोठा कॉड त्याच्या हातात कोंबला.

“घे, रंगाऱ्या! मेलेल्या माणसानं धरलेला मासा आहे, चव वेगळीच लागेल!”

माणसं खो-खो हसली. एझ्रानं मासा छातीशी धरला. मान वर करणं त्याला जमलं नाही. फिलोमेना हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चित्र काखोटीला मारून त्याच्या दारात आली.

“निशाण वर घे.”

“खरवडून टाकतो ना सगळं. जाळून टाकतो.”

“जाळायला कुणी सांगितलं? वर घे म्हटलं. मी थांबते.”

ती थांबली. त्यानं सुरीनं लाल रंग खरवडला, तिथं शीड पुन्हा भरलं, आणि निशाण टोकावर चढवलं. तिथल्या गुलाबी ढगात ते निम्मं विरून गेलं. चित्र पुन्हा झोपलं. चाळीस वर्षं रंग बघणाऱ्या डोळ्यांना ते कळत होतं. त्यानं ब्रश खाली ठेवला.

फिलोमेनानं चित्र स्वतः नेऊन पुन्हा दुकानात काचेमागे उभं केलं.

पुढे बोस्टनचे एक गृहस्थ त्यापुढे थबकले. “छान आहे हो. पण तो लाल ठिपका जरा खाली हवा होता, मध्यावर.”

एझ्रा दुकानातच होता. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

“नाही साहेब,” तो हळूच म्हणाला, “तिथं नको.”