चिंधी बांधलेली वांगी

अन्याय झाला तो कोरीट गावच्या काकूंवर. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, त्यांच्या भरताच्या वांग्यांच्या वावरात. करणारे आम्हीच, सेंद्रिय शेतीच्या मोहिमेतले कार्यकर्ते.

काकू वावरात शिरल्या की आधी शेंडे बघत. अळी शिरलेला शेंडा मान टाकतो. तो नखानं खुडून ओच्यात टाकत. बांधाला झेंडू, फवाऱ्याला निंबोळीचा अर्क, एवढाच सरंजाम. माझी पत्रकं बघून म्हणत, "कागदवाला भाऊ, अळी कागद वाचस का? तू झाड वाच."

मी वाचलं नाही. त्या दिवशी पाहुणे पाहणीला यायचे होते. काकू घरी चहा टाकायला गेल्या आणि आम्ही वावर 'स्वच्छ' केलं. माझ्याच पत्रकात ठळक छापलं होतं: किडकी, पिवळी फळं तोडून जाळा. काही झाडांवर मोठी पिवळी वांगी लोंबत होती, देठाला लुगड्याच्या चिंध्या. आम्हाला वाटलं, नजर लागू नये म्हणून बांधल्यात. तुम्हीही हसला असतात. आम्ही हसलो, तोडली, पेटत्या काडीकचऱ्यात टाकली.

ती बियाण्यासाठी राखलेली फळं होती. चिंधी म्हणजे 'हात लावू नका'.

परत आल्यावर काकूंनी काठीनं राख उकरली. "भाऊ, तुम्ही ते मन्हा बीनं भरीत करी टाकं!"

कुणीतरी हसलं. काकू राख उकरतच राहिल्या. घरात जुनं बी नव्हतं, सगळं वाटून झालेलं. नंतर राखलेली फळं पिकण्याआधीच अळीनं पोखरली.

मग दर भेटीत एकच प्रश्न. "बी बुडी गयं का रे?"

"नाही काकू, मिळेल." कुठून, ते मला ठाऊक नसायचं.

चैत्रात काकू गेल्या. सून म्हणते, बी नसेल तर यंदा मिरची लावते. तिला कोणत्या तोंडानं अडवू?

काकूंनी बी कधी विकलं नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोडे बघत, काकू ओळखीच्या बायकांच्या पदराला चिमूटभर बी बांधत. म्हणजे कुणाकडे तरी असणार. पण जुनं बी दर उन्हाळ्यात थोडं थोडं मरतं, आणि मृग तोंडावर आलाय.

वाचत बसू नका. डबे उघडा, आईला विचारा, सासूला विचारा. काकूंचं बी सापडलं तर अर्धं स्वतः पेरा, अर्धं कोरीटला त्या सुनेच्या हातात द्या. तिनं मिरचीची रोपं आणायच्या आत.