शेवटच्या लेव्हलचा वाघ

सुवर्णाबाई नाशिकच्या एका खासगी कॉलेजात व्हिडिओ गेम बनवायला शिकवतात. परक्या लोकांवर गेम बनवायचा, तर आधी त्यांच्या उंबऱ्याबाहेर चपला काढाव्यात, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जपानी देवळांतले रीतिरिवाज बाईंना तोंडपाठ. हरसूल हे आदिवासी गाव मात्र जिल्ह्यातलंच, म्हणून ते त्यांना कधी परकं वाटलंच नाही.

सगळा वर्ग सोबत घेऊन त्या हरसूलला गेल्या, त्या आपल्या विद्यार्थ्याच्या, पुंजाच्या घरी. त्याच्या वडिलांनी, बारकूंनी, सगळ्यांना नागलीची भाकरी खाऊ घातली आणि गावाच्या शिवेवरचा वाघदेव दाखवला. लाकडात कोरलेला, शेंदूर माखलेला, डाव्या कानाचा टवका उडालेला. पोरांनी चहूबाजूंनी फोटो काढले. महिन्याभरात तोच वाघ गेममध्ये डरकाळ्या फोडू लागला. शेवटच्या लेव्हलला त्याला गोळ्या घातल्या की खेळाडू जिंकतो.

"मॅडम, आमच्यात त्याला मारत नाय," प्रदर्शनाच्या चार दिवस आधी पुंजा हळूच म्हणाला. "वाघबारशीला निवद दाखवतो आम्ही."

चूक बाईंना तिथंच कळली. पण गेम देखणा झाला होता, आणि 'संस्कृतीचा अभ्यास' या रकान्यात त्यांनी स्वतःच दहापैकी दहा दिले होते. "आता बदलायला वेळ नाही रे," त्या म्हणाल्या. वेळ होता. एका दिवसाचं काम होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

प्रदर्शनाला बारकू स्वच्छ टोपी घालून आले. पोरांनी कौतुकानं त्यांच्या हातात कंट्रोलर दिला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. पडद्यावर वाघ आला. शेंदूर तोच, डाव्या कानाचा उडालेला टवकाही तोच.

"काका, दाबा ना! मारा त्याला!"

बारकूंनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. चपला काढल्या आणि हात जोडले. वाघानं झडप घातली, 'तुम्ही हरलात' अशी अक्षरं उमटली आणि पोरं खो खो हसली. पुंजा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"बाई, घरची समजून देव दाखवला व्हता तुम्हाला," बारकू म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसेना.

त्यांनी स्वतः जाऊन गेम बंद केला. मग फाटकापर्यंत धावल्या, पण बापलेक रिक्षात बसून निघून गेले होते.

पुंजा पुन्हा वर्गात आला नाही. बाई अजूनही तोच धडा शिकवतात. 'उंबऱ्या'पर्यंत बोलतात, पण पुढचं चपलांचं काही तोंडातून निघत नाही.