उजव्या हाताची खुर्ची

जगात बहुतेक माणसं जुन्याचं नवं करून पोट भरतात. जुनेरमावशी नव्याचं जुनं करून भरायची. सिनेमासाठी शिवून आलेला कोरा करकरीत शर्ट सकाळी तिच्या टेबलावर पडला, की संध्याकाळपर्यंत त्याने दहा-बारा पावसाळे पाहिलेले असत. कॉलरवर किसणी, कोपरांवर पॉलिश पेपर, आणि खिशात दगड भरून ओला शर्ट दोरीवर टांगायचा, म्हणजे खिसे खऱ्यासारखे लोंबतात. ही विद्या ती बापाच्या लाँड्रीत शिकली. कोण बाहीने नाक पुसतं आणि कोण टेबलावर कोपर टेकून डुलक्या काढतं, हे तिला गिऱ्हाइकाचं तोंड न बघता कळायचं. नाव तिचं दुसरंच काहीतरी होतं, पण स्टुडिओत ते कुणाला आठवत नसे आणि तिलाही त्याचं दुःख नव्हतं.

नवरा निघाला रंगारी. तो दिवसभर लोकांच्या भिंती नव्या करायचा, ही जुन्या करायची. हा संसार चालतो कसा, याचं शेजाऱ्यांना कोडं होतं. खरं भांडण एकच होतं, आणि ते स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवरून. बाहेर येताना मावशीचा उजवा हात चौकटीला लागायचा आणि तिथला रंग वीतभर मळून उडून जायचा. रंगारी दरवर्षी ब्रश घेऊन हजर.

“केवढी घाण झालीय इथे!”

“घाण नाही हो ती. मी आहे ती, मी!”

“मग तुला दरवर्षी पुसायला लागतं बघ,” असं म्हणून तो एका हातात चौकट चकाचक करून टाकायचा.

पडद्यावर काळ सरकवायच्या नेहमीच्या युक्त्यांवर मावशीचा भारी राग. कॅलेंडरची पानं भराभरा उडाली, की ती थिएटरात मोठ्याने म्हणायची, “ह्याला पंखा लागतो, अक्कल नाही लागत.” गरगर फिरणारे घड्याळाचे काटे आणि फुलदाणीत माना टाकणारी फुलंही तिने कधीच मोडीत काढली होती. एकदा मात्र एका सिनेमात दारातल्या चपलांच्या जोडांमधला एकच छोटा जोड दर ऋतूला थोडा मोठा होत गेलेला तिने पाहिला, आणि ती ढसाढसा रडली. काळ घड्याळात नसतो, वापरात असतो, एवढंच तिचं म्हणणं होतं.

म्हणून ती तरुण दिग्दर्शिका आपली कल्पना घेऊन आली, तेव्हा मावशीने हातातला शर्ट खाली ठेवला. एक खोली, एक जोडपं, तीस वर्षं. कॅमेरा खोलीच्या मधोमध उभा राहणार आणि न थांबता एक सावकाश गिरकी घेणार. पहिली भिंत नव्या संसाराची, दुसरी दहा वर्षांनंतरची, तिसरी वीस, चौथी तीस. प्रत्येक भिंतीत तीच खिडकी आणि भिंतीपुढे तीच खुर्ची, म्हणजे सुताराने केलेल्या एकसारख्या चार-चार. कॅमेऱ्याची पाठ फिरली, की मागच्या मागे नटांनी पळत जाऊन विग बदलायचे. तिसऱ्या भिंतीपाशी बायको नसते. चौथीपाशी म्हातारा एकटा खुर्चीत बसतो.

“आणि लोकांना नाही कळलं तर?” निर्माता म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण स्वभावाने घाबरट. “त्यापेक्षा अक्षरं टाकू ना. ‘तीस वर्षांनंतर’. सगळ्यांना वाचता येतात.”

“साहेब, पंचवीस वर्षं मी शर्ट मळवले,” मावशी उसळली. “अख्खी खोली आत्ता कुठे हाती आलीय. अक्षरांनी आधीच सगळं सांगून टाकलं, तर माझी खोली म्हणजे वरातीमागून घोडं.”

शेवटी ठरलं असं, की शूटिंगच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत गिरकी जमली तर जमली. नाहीतर अक्षरं. दुपारनंतर सेट मोडायचा होता.

मावशी त्या खोलीत अक्षरशः राहायला गेली. दिव्याच्या बटणाभोवती बोटांचे डाग, डोकं टेकतं तिथे भिंतीवर तेलकट गोल, पलंगापासून खिडकीपर्यंत फरशीवर पुसट वाट. खुर्चीवर तर जीव ओतला. चहा पिताना नटाचा कुठला हात पुढे येतो, हे ती आधी बघून घ्यायची. तिची ती परीक्षाच होती. नटाने उजव्या हाताने कप घेतला, म्हणून खुर्च्यांचा उजवा हात तिने घासला. रोज काम आटपलं की स्वतः तिथे बसून, तळहाताला तेल लावून घासला. चौथ्या खुर्चीचं लाकूड तिथे उघडं पडलं आणि त्याला हलका खळगा आला.

आणि शूटिंगच्या आदल्या दिवशी नट जिन्यावरून पडला. पाय प्लास्टरमध्ये. सकाळी दुसरा आला, चांगला कसलेला, सगळ्यांना “काय म्हणता” विचारणारा. मावशी भिंतीशी झटत होती. तिने उठून त्याला चहा दिला, आणि त्याने तो डाव्या हाताने घेतला.

मावशीने किटली खाली ठेवली. “दादा, तुम्ही डावखुरे?”

“जन्मापासून. का हो?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इथे हात न बघितल्याचं अवलक्षण झालं होतं. तीस वर्षांची खुर्ची झिजली होती नेमकी तिथे, जिथे या माणसाचा हात कधी जाणारच नव्हता.

“कुणाला दिसणार आहे, मावशी?” दिग्दर्शिका हळूच म्हणाली.

“दिसणार नाही गं. खटकेल. काय खटकलं ते कळायचं नाही, आणि मग साहेब अक्षरं मागवतील.”

नटाने उजवा हात वापरून पाहिला. तो हात शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखा दिसायला लागला. निर्मात्याने घड्याळ पाहिलं आणि घसा खाकरला.

मावशी चौथ्या खुर्चीत मटकन बसली. “जगाला शिकवलं, आधी हात बघा. आणि स्वतः माती खाल्ली!” असं म्हणत तिने हात आपटला, तो बरोबर खळग्यात जाऊन बसला. बसणारच होता. घासला होता तिनेच.  मग तिची नजर समोर आरशापाशी गेली. बायकोचं काम करणारी नटी तोंडाला पावडर लावत होती. उजव्या हाताने.

“अगं ए!” मावशी इतक्या जोरात ओरडली की सुताराच्या हातून हातोडी पडली. “ही खुर्ची ह्यांची नाहीच! ही बायकोची खुर्ची आहे! हे तिकडे खिडकीत बसायचे. तीस वर्षं खिडकीत!”

दिग्दर्शिकेला समजायला एक क्षण लागला. मग तिने मावशीला मिठीच मारली.

कॅमेरा फिरायला लागला. पहिल्या भिंतीपाशी बायको खुर्चीत, नवरा खिडकीत, दोघं कशावर तरी हसताहेत. दुसऱ्या भिंतीपाशी तेच, हसणं थोडं कमी. तिसऱ्या भिंतीपाशी रिकामी खुर्ची, आणि तो अजून खिडकीतच. चौथ्या भिंतीपाशी म्हातारा चालत आला, थांबला आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसला. डावा हात सवयीने टेकला, पण तिकडचं पॉलिश जसंच्या तसं होतं. हात तिथे रमला नाही. मग त्याने उजवा हात उचलला, सांगितलेलं नसताना, आणि अलगद तिच्या खळग्यात ठेवला.

दिग्दर्शिका “कट” म्हणायचं विसरली. कुणीतरी नाक ओढलं. ते निर्मात्याचं होतं.

“साहेब, अक्षरं?” मावशीने विचारलं. तिला राहवलंच नाही.

“आता अक्षरं टाकली तर लोक मला चपलेने मारतील,” तो डोळे पुसत म्हणाला. जेवणाची सुट्टी व्हायला अजून अवकाश होता. सुताराने शिट्टी मारली, टाळ्यांनी सेट दणाणला, आणि मावशीने ब्रश डोक्यावर धरून स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

सिनेमा लागला तेव्हा ती रंगाऱ्याला घेऊन गेली. चौथी भिंत आली आणि भरलेलं थिएटर चिडीचूप झालं. काळ किती गेला, हे एकालाही विचारावं लागलं नाही. मावशी ताठ मानेने पडद्याऐवजी लोकांची तोंडं बघत होती. घरी येताना रंगारी वाटेतल्या प्रत्येक दाराची चौकट निरखत आला.

पुढे घराला रंग द्यायची वेळ आली. मावशी संध्याकाळी परतली, तर भिंती, खिडक्या, दारं, सगळं झगझगत होतं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मात्र वीतभर जागा तशीच मळकी होती. रंग चुकून लागू नये म्हणून तिच्याभोवती नीट चिकटपट्टी लावलेली.

“अहो, इथे राहिलं की!”

“राहिलं नाही,” रंगारी पाठमोराच म्हणाला. “ठेवलंय.”

मावशीने आपला उजवा हात तिथे टेकवला. मग शेजारणीला हाक मारून बोलावलं, तिच्या सुनेलाही बोलावलं, आणि दोघींना ती चौकट अशी दाखवली की जणू किल्ला जिंकलाय. हरलेला रंगारी मागे ब्रश धूत उभा होता, आणि तोही हसत होता.