अक्षरं भरणारे मुकुंदण्णा

सकाळी बंगळूरचं अख्खं चामराजपेट नळाचं पाणी भरत असायचं, तेव्हा मुकुंदण्णा अक्षरं भरत बसायचे. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त होताना त्यांनी भंगारात निघालेलं एक टर्मिनल घरी आणलं होतं. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. त्याला इंग्रजी तेवढं येई. पण ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेली आपली अक्षरं त्याच्या पोटात भरता येत. बंद केलं की ते सगळं विसरे. म्हणून शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवरून रोज मराठी नव्यानं भरायची. मध्येच वीज गेली तर "अय्यो, पळाली सगळी!" म्हणत अण्णा हसत पुन्हा सुरुवात करत.

मी तेव्हा एचएसआर लेआउटमध्ये राहून सॉफ्टवेअरची नोकरी करत होते. सुट्टीच्या दिवशी अण्णांकडे गेले की "ये गं पुणेरी," असं माझं स्वागत होई. अक्षरांचा हा सगळा खटाटोप होता अण्णांच्या थोरल्या बहिणीसाठी. सुंदरक्कांची नजर अधू झाली होती, कागदावरचं काही दिसेना, आणि कुणी वाचून दाखवलेलं त्यांना खपत नसे. "दुसऱ्याच्या तोंडानं जेवू काय मी?" म्हणत. मी मोठ्या ऐटीत टॅब्लेट नेला, तर त्यांच्या थरथरत्या बोटाखाली पान सारखं पळायला लागलं. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं निदान जागची हलत नव्हती.

टर्मिनलच्या पोटात जागा मात्र मोजकी. "ङ आणि ञ ला स्वेच्छानिवृत्ती दिली," अण्णा गंभीरपणे सांगत. "कधी कामाला आले होते ते?"

पहिल्यांदा त्यांनी अक्कांचं रोजचं स्तोत्र पडद्यावर आणलं. अक्कांनी ते घडाघडा वाचलं. अण्णांचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. पडद्यावरच्या ओळी संपल्या तरी अक्का वाचतच होत्या! भावाचं मन मोडू नये म्हणून दिसण्याचं सोंग चाललं होतं. मला फार वाईट वाटलं. अण्णा एवढंच म्हणाले, "सरी, असू दे. अक्षरं बारीक पडली. जाड करू."

त्यांनी एकेक अक्षर ठिपके वाढवून पुन्हा काढलं. मग एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि एकच ओळ टाइप केली. "अक्का, स्वल्प बघ."

अक्कांनी मान पुढे काढली, मग तिरकी केली. ओठ हलायला लागले. "आज... सारात... मीठ... जास्त... पडलं."

त्या थांबल्या. मग कडाडल्या, "कुणी सांगितलं जास्त पडलं? मघाशी दोन वाट्या ओरपल्यास की! उद्यापासून तूच कर सार!"

"वाचलं! अक्कानं वाचलं!" अण्णा खुर्चीतून उठून टाळ्या पिटायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझीही तीच गत.

"हसतोस काय, मुकुंदा? पुस आधी ते."

"नाही पुसत," अण्णा म्हणाले. "अजून एकदा वाच."