होळीपुढची बोंब

आमच्या रिहे खोऱ्यात शिमग्याला माणसाच्या तोंडावर बोंब मारायची रीत होती. होळी पेटली की तोंडावर हात आपटत, वर्षभर मनात साठलेलं ओरडून मोकळं व्हायचं. सरपंच असो नाहीतर सासरा, सुटका कुणाचीच नाही. पण अंधारातसुद्धा आवाज कुणाचा ते गावाला कळायचं, त्यामुळे जीभ कितीही सैल सुटली तरी कुठं थांबायचं हे ज्याला त्याला ठाऊक असायचं.

सगळ्यात जास्त बोंबा शिलाईवाल्या चाचांच्या वाट्याला. पिढ्यान् पिढ्या इथलंच मुसलमान घर. माझ्या बारशाचं झबलं त्यांनीच शिवलं आणि लग्नातला सदराही. "चाचाची कात्री, कापड खाती!" असं आम्ही ओरडलो की ते नेमके माझ्याकडं बोट करायचे. "आरं, तुजी ढेरी मापात मावंना, कापड उरंल कसं!" धुळवडीला आमच्याच ओट्यावर बसून शिळी पुरणपोळी दुधात कुस्करून खायचे, वर तूप कमी पडलं म्हणून आईला टोमणा मारायचे. काय दिवस होते! त्या बोंबा आठवल्या की अजून एकटाच हसतो.

मग गावाच्या नावानं फेसबुकवर पान निघालं. आधी सप्त्याची पत्रिका, हरवलेली म्हैस, असलं काहीबाही यायचं. एके दिवशी त्यावर चाचांच्या दुकानाचा फोटो आला आणि खाली लिहिलेलं, 'बायकांनी याच्याकडे माप देऊ नये. याला गावातून हाकला.' लिहिणाऱ्याला नाव नाही, चेहऱ्याच्या जागी वाघ. माझं डोकंच फिरलं. तोंड वाघाचं लावायचं आणि काम उंदराचं! खाली दात काढणारेही सगळे वाघ, सिंह आणि गुलाबाची फुलं. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका कमी झाल्या. ज्या गावात जन्म गेला तिथं राहायचं, की बावधनला लेकीकडं जायचं, या विचारानं चाचा वाळत चालले.

त्या शिमग्याला ते आले. होळी पेटली, बोंबा सुरू होणार एवढ्यात पुढं होऊन म्हणाले, "ज्यानं ते लिवलं त्यानं हितं माज्या तोंडावर बोंब मारावी. आपली रीतच हाय. मी रागावनार न्हाई."

कुणी पुढं आलं नाही, जो तो आगीत गोवऱ्या सारू लागला. मला राहवेना, तेव्हा मीच तोंडावर हात आपटून जुनी बोंब ठोकली, "चाचाची कात्री, कापड खाती!"

चाचांनी वळून पाहिलं. हसतील, माझी ढेरी काढतील असं वाटलं. ते जवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुजा आवाज वळखला. त्यो तू न्हाईस." मग आगीच्या उजेडातले चेहरे एकेक करून पाहत राहिले. "पर बाकीच्यांचं मला कसं कळावं? कुनाच्या बी कमरंला टेप लावली की वाटतं, ह्योच असंल का. कापड वाकडं कापलं जातंय रं."

पाडव्याच्या आत त्यांनी शिलाई मशीन टेम्पोत घातलं.

होळी आजही पेटते. लोक मोबाईल उंच धरून आगीचे फोटो काढतात, बोंबाही मारतात. मी मात्र गप्प उभा राहतो. शेजारच्याच्या तोंडाकडं बघतो, त्याच्या पलीकडच्याकडं बघतो, आणि मनात येतं, हाच असेल का.