प्रशांतचा सेन्सर ड्रायव्हर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से आपोआप साचतात. मशीन उघडलं की आधी धूळ निघते आणि मग समोरचा माणूस बोलायला लागतो! राजारामपुरीत चौगुलेसाहेबांच्या दुकानात मी अकरा वर्षं काढली. सगळं सांगायला बसले तर तुमचा चहा गार होईल, म्हणून आज फक्त प्रशांत कांबळेचं सांगते. प्रशांत आता नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मध्येच कुणीतरी "हल्ली कुठं असतो?" म्हणून विचारतं आणि मला उत्तर देववत नाही.

प्रशांत आमच्याच दुकानात मशीनं दुरुस्त करायचा, मूळचा गडहिंग्लजचा. हात सोन्याचा, पण तिशीच्या आतच दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. आता तो काय करत होता ते ऐका. मदरबोर्डवर सेन्सरची एक बारकी चिप असते. मशीन आतून किती तापलंय, पंखा किती जोरात फिरतोय, यावर ती लक्ष ठेवते. आम्ही जिल्हाभर विकलेल्या एका स्वस्त बोर्डावरची चिप लिनक्सला, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टिमला, वाचताच येत नव्हती. त्या बोर्डाच्या सेटअपमध्येही तापमान दिसायचं नाही. त्या चिपसाठी ड्रायव्हर, म्हणजे तिला वाचणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायचा, तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात घालायचा आणि तिथं टिकवायचा, हे प्रशांतनं डोक्यात घेतलं होतं.

"ताई, माझं काय खरं न्हाय," तो म्हणायचा. "एवढं एक मागं चालू राहिलं म्हंजे झालं."

मला या बोलण्याचा भयंकर राग यायचा.

*

हुपरीहून एक चांदीवाले मशीन घेऊन आले. पैंजणांच्या डिझाइनचं काम त्यावर चालायचं. उघडलं तर पंख्यात पॉलिशची काळी भुकटी घट्ट बसलेली आणि प्रोसेसर जळून गेलेला.

प्रशांतनं विचारलं, "जळायच्या आधी बीप वाजला असंल की?"

"वाजला की! आठ दिस वाजत हुता."

"मग?"

"मग काय, पावणं? घरात म्हातारी आजारी. ती दचकायची. म्हणून वायर कापून टाकली. तवापास्नं कसं निवांत हाय बघा!"

चौगुलेसाहेब खो खो हसले. प्रशांतनं ती कापलेली वायर जोडून दिली, पाहुण्यांना हात जोडले आणि सांगितलं, "म्हातारीला दुसऱ्या खोलीत झोपवा, पण हिला ओरडू द्या."

*

चिपची माहिती मागायला प्रशांतनं कंपनीला पाच मेल पाठवल्या. एकीचंही उत्तर नाही. चिप नुसता एक आकडा देते, त्याचे अंश कसे करायचे हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हा या बहाद्दरानं काय करावं? स्वतःचा ताप बघायचा थर्मामीटर काढला आणि पंख्याखालच्या धातूला टेकवला!

बेचाळीसच्या पुढं पारा जाणार कुठं? नळी फुटली. चकचकीत गोळ्या टेबलभर पळाल्या आणि आम्ही तिघं पोस्टकार्डांनी त्या गोळा करत बसलो.

चौगुलेसाहेब ओरडले, "अरं मर्दा, उद्या तुला ताप आला तर काय लावशील?"

"बोर्ड लावतो की कपाळाला!"

पुढं त्यानं प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागून आणला आणि महिनाभर आकडे टिपले. तेव्हा कुठं सूत्र बसलं.

*

बोर्डावरच्या प्रत्येक चिपला एक आकडी पत्ता असतो. चिप कुठल्या पत्त्यावर बसलीय ते माहीत नसलं की प्रत्येक पत्त्यावर हाक मारावी लागते. "कोण आहे का?" विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. एका प्राध्यापकांचा लॅपटॉप साफ करायला आला होता. प्रशांतला राहवलं नाही. त्यावरही त्यानं हाका मारून बघितल्या. एका पत्त्यावर सेन्सर नव्हताच, लॅपटॉपची स्वतःची ओळख साठवलेली चिप होती. हाक मारताना तिच्यावरच भलतं काहीतरी लिहिलं गेलं. त्यानंतर लॅपटॉपनं डोळा उघडला नाही.

प्राध्यापक आले. प्रशांत समोर उभा राहिला. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही.

"मेला?"

"व्हय, सर."

"अहो, पण कशानं?"

"इचारल्यानं."

प्राध्यापक कपाळाला हात लावून खालीच बसले. ड्रायव्हरमध्ये तो पत्ता टाळायची ओळ प्रशांतनं त्याच दिवशी घातली. दुसऱ्या दिवशी डायलिसिसला गेला तेव्हा डॉक्टरांनाही सांगून आला म्हणे, "सर, माझ्या पोटात फार चौकशी करू नका. लॅपटॉप गेलाय एक!"

*

डायलिसिस आठवड्यातून दोनदा. डावा हात सुयांमुळे हलवायचा नाही, म्हणून तो उजव्या हातानं एकेक अक्षर टाइप करायचा. शेजारचं मशीन केकाटलं की नर्स येऊन बटण दाबायची आणि आवाज बंद करायची.

"सिस्टर, कशासाठी ओरडलं ते तरी बघा आधी!"

"कांबळे, तुम्ही पेशंट आहात. झोपा बघू."

त्यानं मान वर करून स्वतःच आकडा वाचला. रक्तदाब सत्तरवर आला होता, त्याचाच! मग मात्र तिची पळापळ झाली. हा किस्सा तो हसत सांगायचा. मी एकदाही हसले नाही.

किडनी द्यायला वडील तयार होते. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. तपासणीत आप्पांची साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी नको म्हटलं. त्यानंतर घरात कुणी साखरेचा डबा उघडायचं नाही, असं प्रशांत सांगायचा.

*

ड्रायव्हर तीनदा परत आला. कर्नलमध्ये काय घ्यायचं ते परदेशातला एक मुख्य माणूस ठरवायचा. एकदा तर त्यानं ओळींच्या आधीची मोकळी जागा चुकली म्हणून परत पाठवला. चौथ्यांदा स्वीकारला. फायलीच्या डोक्यावर प्रशांतचं नाव होतं! चौगुलेसाहेब त्या दिवशी नेमके नृसिंहवाडीला गेले होते. फोन केला तर येताना पेढेच घेऊन आले. पुडा पुढं केला आणि जरा घुटमळले.

"दत्ताचा परसाद हाय. तुमच्यात चालतंय न्हवं?"

"साहेब, बुद्धाला चालंल, डॉक्टरला चालत न्हाय. दुधाचं बंद हाय मला."

"मग काय देऊ, सांग. मागशील ते देतो!"

"अर्धा कप पाणी द्या. डॉक्टरनं मापून दिलेलं आजचं माझं पाणी संपलंय, पण आज पितो."

त्यानं ते घोटघोट करत दहा मिनिटं प्यायलं. आम्ही पेढे हातात धरून बघत होतो.

*

पुढच्या उन्हाळ्यात प्रशांत गेला.

पाच महिन्यांनी त्याच्या नावानं दुकानाच्या पत्त्यावर एक मेल आली. कुणीतरी सूत्र बदलून पाठवलं होतं, प्रशांतचं चूक आहे म्हणून. त्या मुख्य माणसानं लिहिलं होतं, की मूळ बोर्डावर तपासून कुणीतरी कळवा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही, तर ड्रायव्हर काढून टाकू. मी घाबरून मेल नुसती उघडायची आणि बंद करायची. शेवटच्या दिवशी दुपारी प्रशांतचं जुनं मशीन चालू केलं. जुन्या सूत्रानं आकडा आला पंचेचाळीस, नव्यानं बासष्ट. यातला खरा कुठला? प्रयोगशाळेतला थर्मामीटर तर केव्हाच परत गेला होता.

तेवढ्यात आप्पा आले. पोराचा डबा आणि स्वेटर न्यायचा राहिला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. अर्धं त्यांना कळलं नसणार.

"म्हंजे, त्यानं घातलेलं ते काढून टाकणार?"

"चूक ठरलं तर काढतील, आप्पा."

आप्पा एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं मेकॅनिक होते. त्यांनी बाही सारली आणि चिपजवळच्या धातूवर बोट टेकवलं. डोळे मिटले. बोट तिथंच राहिलं.

"बासष्टाला बोट टिकत न्हाय, पोरी. उभी हयात इंजिनं चाचपलीत मी. पंचेचाळीसच हाय ही."

मी तसंच लिहिलं. मूळ बोर्डावर तपासलं, जुनं सूत्र बरोबर आहे. कशानं तपासलं, तिथं लिहिलं, बोटानं. तपासणाऱ्याचं नाव विचारलं होतं, तिथं आप्पांचं पूर्ण नाव टाकलं. मेल गेली. मी डबा आणि स्वेटर पिशवीत भरला आणि मशीन बंद केलं. पंखा थांबला.

"झालं, आप्पा. काढा बोट आता. गडहिंग्लजची गाडी चुकंल."

"गार हुईस्तवर बसतो की," आप्पा म्हणाले. "मग जातो."